पेपर चिकटवलेली मोटार

आमच्या घरात जेवणाला रंगाचा वास यायचा आणि रंगाला फोडणीचा. बिदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत अप्पांचं दुकान, मागच्या खोलीत माय, चूल आणि मी. दोन्हींच्या मधे एकच लांब फळी होती. तिच्या एका टोकाला तिखट, हळद, गूळ. दुसऱ्या टोकाला रंगाचे डबे, घासलेट आणि रंगात घालायचं जवसाचं तेल. एकदा माय घाईत होती आणि अंबाडीच्या भाजीला अप्पांच्या बाटलीतल्या तेलाची फोडणी बसली. अप्पांनी भाकरी मोडली, दोन घास खाल्ले आणि शांतपणे म्हणाले, "आज भाजीला चमक चांगली आलीय." माय दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मी अजूनही ताटावर बसले की आधी वास घेते, आणि माझी नातवंडं एकमेकांना कोपरानं ढोसतात.

अप्पांना सारा तालुका दशरथ पेंटर म्हणून ओळखायचा. शाळा जेमतेम चौथीपर्यंत, पण कन्नड, मराठी, उर्दू, तिन्ही अक्षरं त्यांच्या हातातून सारख्याच वळणानं उतरायची. त्यांचं खरं नाव झालं ते काचेच्या कामानं. दुकानाच्या, दवाखान्याच्या दारावर काच असते ना, तिच्यावर मागच्या बाजूनं रंगवायचं. पुढून माणूस वाचणार, म्हणून मागून सगळं उलटं लिहायचं. आणि क्रमही उलटा. कागदावर आपण आधी जमीन, म्हणजे मागचा सपाट रंग, भरतो, मग तिच्यावर अक्षर काढतो. काचेवर अक्षर आधी, त्याची सावली नंतर, वेलबुट्टी त्याच्या नंतर, आणि सगळ्यात शेवटी जमिनीचा रंग. एकदा जमीन भरली की मागाहून अक्षर घालायला जागा उरत नाही.

काम झालं की अप्पा काचेच्या पुढच्या बाजूला कणकेच्या खळीनं जुने पेपर चिकटवायचे, म्हणजे एसटीतून नेताना ओरखडा पडत नाही. ते पेपर काढायचे मात्र मालकानं, स्वतःच्या हातानं, पाण्यानं धुऊन. पेंटरनं धुतलं तर दुकानातलं गिऱ्हाईक धुऊन जातं अशी आमच्याकडची समजूत. अप्पा काच बसवून दोन पावलं मागं सरकायचे आणि हाताची घडी घालून उभे राहायचे. मग मालक तांब्या घेऊन यायचा, बायको ओढणीचं टोक भिजवून पुसायची, आणि पेपराखालून हळूहळू 'श्री' किंवा 'बिस्मिल्ला' वर यायचं. ही रीत आमच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. गुलबर्ग्यात ती कुणालाच ठाऊक नव्हती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सगळा घोळ इथंच झाला.

पण त्याआधी आमच्या घरातली चोरी सांगायला हवी. ज्या दिवसांचं मी सांगतेय त्यांच्या तीन वर्षं आधीपासून अप्पांना दिसणं कमी होत गेलं होतं. बिदरच्या डॉक्टरांनी डोळ्याची नस वाळलीय म्हणून सांगितलं आणि गेलेली नजर परत यायची नाही हेही सांगितलं. तेव्हापासून सगळी कामं मी करत होते. दार लोटून मी मागच्या खोलीत रंगवायची आणि अप्पा पुढच्या खोलीत स्टुलावर बसून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे. हातात ब्रश असायचा. तो कोरडा दिसू नये म्हणून मी दर तासाला येऊन त्यांच्या ब्रशाला ताजा रंग लावून जायची. भिंतीवरचं काम आलं की अप्पा सुस्कारा टाकायचे, "सध्या भिंतीत मन लागंना बगा." लोक म्हणायचे, कलावंत माणूस, लहरी असायचाच. खाली सहीसुद्धा मीच करत होते, 'दशरथ', त्या 'थ'ला मोराच्या पिसासारखी शेपटी काढून. इतकी हुबेहूब की एकदा अप्पांच्याच जुन्या बोर्डावरची खरी सही मला खोटी वाटली.

या गोष्टीचं मला तेव्हा वाईट वाटत होतं का? वाटत होतं. एकोणीस वर्षांची होते. माझ्या हातचं काम हुमनाबादेपासून बसवकल्याणपर्यंत दारादारांवर लागलं होतं आणि माझं नाव रेशनकार्डाशिवाय कुठंच नव्हतं. त्याहून मोठी भीती लग्नाची होती. लग्न होऊन मी परक्या घरी गेले की ब्रश सुटणार, हे माय गृहीत धरून चालली होती. "हळद लागंपर्यंत तोंड उघडू नको," एवढंच ती म्हणायची. "बोर्ड लिवणारी पोरगी म्हनलं की कोन येतंय उंबऱ्यात?"

उंबऱ्यात आला तो विलास. गुलबर्ग्याला टेलिफोनच्या कचेरीत नोकरी, वडील नाहीत, आई शाळेत हेडबाई. आमच्याच समाजातलं, शिकलेलं घर. मुलगी बघायला ती दोघं आली तेव्हा विलासच्या मांडीवर एक मोठं खोकं होतं. आम्हाला वाटलं पेढे. त्यानं मला नाव विचारलं नाही, स्वयंपाक येतो का विचारलं नाही. बसल्या बसल्या खोकं उघडलं आणि आतून हातभर लांबीची मोटार काढली. त्याच्या थोरल्या भावानं आखाती देशातून पाठवलेली, रिमोटवर चालणारी. तिला अंगच नव्हतं. नुसती चाकं, तारा आणि मोटर. आधीच्या अंगावर म्हणे म्हशीनं पाय दिला होता. भावानं नवीन अंग पाठवलं होतं ते वेगळं, पातळ, लवचीक आणि काचेसारखं आरपार. सत्तावीस वर्षांचा, मिशा राखलेला माणूस ते सांगताना इतका गंभीर होता की मला हसू आवरेना, म्हणून मी खाली मान घातली. हेडबाईंना वाटलं, मी लाजले.

तेवढ्यात माय आतून आली, पाव्हण्यांनी भेट म्हणून प्लास्टिकचं भांडं आणलंय असं समजली, ते अंग उचलून घेऊन गेली, विसळलं आणि उलटं धरून त्यात कांदाभजी मांडून घेऊन आली. विलासनं टपातली दोन भजी खाल्ली, बॉनेटमधलं एक खाल्लं, आणि मग फार हळू आवाजात म्हणाला, "मावशी, ही गाडी हाय."

हेडबाई अप्पांना म्हणाल्या, "पेंटरसाब, आमाला द्यायचं-घ्यायचं काय बी नको. तेवढी विलासची गाडी रंगवून द्या. बसवकल्याणच्या दवाखान्यातली तुमची काच बगितलोय आमी. तसलं काम जिल्ह्यात कोन करत न्हाई." ती काच माझी होती. अप्पांनी मान तुकवली, आणि मला आधी सुख वाटलं आणि लगेच राग आला.

ते अंग रंगवायला मला सहा दिवस लागले. तसलं काम मी पुन्हा कधी केलं नाही. काच सपाट असते. इथं प्रत्येक गोष्ट वळत होती, आणि ब्रश आतल्या खोबणीत घालायचा म्हणजे हात मडक्यात घालून मडकं रंगवण्यासारखं. आधी भज्यांचा तेलकटपणा काढायला रिठ्याच्या पाण्यानं तीनदा धुतलं. चाकाजवळचा फालतू तुकडा कापून त्याच्यावर रंग घालून, वाकवून बघितला. जाड थर तडकत होता, पातळ धरत होता. मग काय रंगवायचं यावर घरात दोन दिवस बैठक. अप्पा म्हणाले, गाडी म्हटली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर असतात तशी कमळं पाहिजेत. मी म्हटलं, खिडकीत ड्रायव्हर काढते. मायनं कपाळावर हात मारला. "लगीन ठरायच्या आदी परक्या बाप्याचं तोंड रंगवतीस व्हय?" मग बाई काढू का म्हटलं, तर म्हणे ते तर त्याहून वाईट. शेवटी डॉक्टरांच्या मोटारीला असतात तसे जाळीचे पडदे काढायचं ठरलं, म्हणजे आत कोण आहे हा प्रश्नच मिटला.

आता पहिलं अक्षर. अप्पांची सही घालायची ती मागच्या काचेच्या कोपऱ्यात. मी सगळ्यात बारीक ब्रश घेतला, पांढऱ्या रंगात बुडवला, आणि बराच वेळ तसाच धरून बसले. मग उलट्या बाजूनं, ज्वारीच्या दाण्याएवढ्या अक्षरांत, 'सुमन' लिहिलं. माझं नाव. मनाशी म्हटलं, बोलायची बंदी आहे, लिहायची नाही. तो माणूस पेपर धुईल, नाव वाचेल, चौकशी करील. त्याला चाललं तर लग्न, नाही चाललं तर नाही. निदान आधी कळेल. अप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी विचारलं, "सही झाली?" मी म्हटलं, "झाली." मग पडदे, कमळं, पिवळ्या रेघा, त्यांच्यावर निळी जमीन, आणि निळा फिका दिसू नये म्हणून सगळ्यावर पांढरा हात. झालं. आतून बघाल तर नुसतं चुना मारलेलं टोपलं. पुढच्या बाजूला, म्हणजे बाहेरून, खळ लावून रद्दीतले पेपर चिकटवले. हाताला येईल तो, कन्नड, मराठी, उर्दू.

अप्पा आणि माय ते टॉवेलात गुंडाळून गुलबर्ग्याला घेऊन गेले. तिथं काय झालं ते मला मायनं सांगितलं, आणि तिला त्यात वावगं काहीच वाटलं नव्हतं. अप्पांनी टॉवेल सोडला, मोटारीचं अंग पाटावर ठेवलं, आणि रीतीप्रमाणे दोन पावलं मागं सरकून हाताची घडी घालून उभे राहिले. आता ही मंडळी तांब्या आणतील. ती मंडळी पेपर चिकटवलेल्या गाडीकडं बघत राहिली. मुलीच्या बापाचा, त्यातून एवढ्या मोठ्या कारागिराचा, अपमान कसा करायचा? शेवटी हेडबाई म्हणाल्या, "तीनी भाषा घेतलात. कुनाला कमी-जास्त केला न्हाईत. लई विचाराचं काम हाय." विलास म्हणाला, "नवीन पद्धत दिसायलीय." बॉनेटवर नेमका कुणा गृहस्थाचा श्रद्धांजलीचा फोटो आला होता, फेटा बांधलेला. हेडबाईंनी त्याच्यावर बोट ठेवून अदबीनं विचारलं, "हे कोन म्हनायचे?" अप्पांना बोट दिसलं नाही, फोटो दिसणं तर लांबच. पण दिसत नाही असं म्हणतील तर ते अप्पा कसले? ते म्हणाले, "घरचेच." हेडबाईंनी हात जोडले.

"मग धुतले का न्हाई त्यांनी?" मी विचारलं.

"आमी निगंपर्यंत न्हाई," माय म्हणाली. "निवांत धुतील की. घाई कामून करायलीस?"

"तू सांगायचं न्हाईस व्हय?"

"पोरीकडच्यांनी पाव्हन्याला धुवा म्हनायचं? बरी हायेस की!"

पंधरा दिवसांनी हेडबाईंचं कार्ड आलं. सुंदर अक्षर, समास सोडलेला. मोटार सर्वांना फार आवडली. चि. विलास ती कचेरीतही घेऊन जातात, साहेबांनी विशेष कौतुक केलं. कामातला नवा विचार मनाला भावला. आमची पसंती कळवतो. मी ते कार्ड वीस वेळा वाचलं असेल. नवा विचार! म्हणजे त्यांनी नाव वाचलं, ओळखलं, आणि तरीही होकार दिला. शिकलेल्या घराची गोष्टच वेगळी, असं मी मनात म्हणत होते. तो महिना मी हवेत होते. एका मिठाईवाल्याच्या बोर्डावर मी इतके मोर काढले की त्याला स्वतःचं नाव शोधावं लागलं. मला त्या न बोलणाऱ्या, मिशीवाल्या माणसाबद्दल माया वाटू लागली होती, हेही सांगून टाकते.

साखरपुडा आमच्याकडं होता. अंगणात मांडव, गल्लीतली माणसं, बाजारातली अप्पांची सगळी गिऱ्हाइकं. पंचशील म्हणून झालं, चुलीवर हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, रटरटत होती, गूळ आणि तूप यांचा वास रंगाच्या वासावर मात करून पार गल्लीत गेला होता. मी हिरवं लुगडं नेसून मान खाली घालून बसले होते. कुणी तरी म्हणालं, जावईबापूंची मोटार दाखवा की. विलासनं खोकं उघडलं. घुर्रर्र करत मोटार मांडवातून निघाली, माणसांच्या पायांतून वळली आणि माझ्या पुढ्यात येऊन थांबली.

तिच्यावर पेपर तसेच होते. इतकंच नव्हे, चकाकत होते.

"कोपऱ्यातनं निगायलता कागद," विलास अप्पांना अभिमानानं सांगत होता. "म्हनून मी वॉर्निश मारलो. दोन हात. आता धा वर्सं काय होत न्हाई." बॉनेटवरचे फेटेवाले गृहस्थ वॉर्निशाखालून तेजस्वी दिसत होते. हेडबाईंनी सवयीनं त्यांना हात जोडले. बाजारातली माणसं आधी एकमेकांकडं आणि मग आभाळाकडं बघू लागली. त्यांना रीत ठाऊक होती.

म्हणजे यांना काहीच ठाऊक नव्हतं! अंगठी पाटावर ठेवलेली होती. अजून थोड्या वेळानं ती माझ्या बोटात जाणार होती, आणि माझं नाव वॉर्निशाच्या आणि कणकेच्या खाली कायमचं बंद राहणार होतं. मी उठले. मोटारीचं अंग उपसून काढलं आणि नहाणीकडं चालू लागले. "अगं सुमे!" माय ओरडली. मी हंड्यातलं गरम पाणी घेतलं आणि गाडीचं अंग त्यात बुडवलं. वॉर्निशावरून पाणी नुसतं ओघळत होतं. पण चाकाच्या कडेला विलासचा ब्रश पोचला नव्हता, तिथून पाणी आत शिरलं, खळ फुगली, आणि मी नखानं कड धरून ओढली तसा पेपर अख्खाच्या अख्खा सुटून आला. वॉर्निशानं तो कडक झाला होता. मी मांडवात परत आले तेव्हा माझ्या एका हातात कमळांची निळी मोटार होती आणि दुसऱ्या हातात पेपराची. दोन मोटारी. विलासनं पेपराची घेतली. त्याला वाटलं तीच त्याची.

निळी हेडबाईंच्या हातात गेली. त्यांनी ती उन्हात धरली, फिरवली, चष्मा वर केला. मागच्या काचेपाशी त्यांचं बोट थांबलं. "सु-म-न." आणि त्यांचा चेहरा फुलला. "पेंटरसाब! लेकीचं नाव घातलात व्हय गाडीवर? बापाची माया बगा कशी असती."

सगळा मांडव कौतुकानं हुंकारला. मायनं डोळ्यांना पदर लावला. सगळं छान झालं होतं. मी फक्त खाली बसायचं होतं. ते दोन-चार क्षण मला अजून आठवतात. हुग्गी बुडाशी लागल्याचा वास येत होता आणि ती हलवायला कुणी उठत नव्हतं.

"ती माया न्हाई," मी म्हटलं. "सही हाय. गाडी मी रंगवलेय. दवाखान्याची काच बी मीच. लग्नानंतर बी मी हेच करनार. चालत असंल तर अंगठी घाला."

बोलून झाल्यावर माझं लक्ष अप्पांकडं गेलं. मी स्वतःचं नाव उघडं करताना त्यांचं काय उघडं केलं, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. समोर सगळी गिऱ्हाइकं बसली होती. तीन वर्षं त्या माणसानं ओला ब्रश हातात धरून जी अब्रू सांभाळली होती, ती मी एका वाक्यात मांडवात ठेवली होती.

अप्पा उठले. खांब चाचपत उभे राहिले, आणि या वेळी ते चाचपणं त्यांनी लपवलं नाही. "खरं हाय," ते म्हणाले. "मला तीन वर्सं झाली दिसंना. तुमचे समद्यांचे बोर्ड हीच लिवलीय. फसवलो म्हना, काय बी म्हना."

मिठाईवाला पुटपुटला, "तरी म्हनलं, मोर एवढे कामून." कुणी तरी फिसकन हसलं. हेडबाईंचं मात्र लक्ष पेपराच्या मोटारीकडं होतं. "मग हे कोन?" त्यांनी बॉनेटकडं बोट दाखवून मला विचारलं.

"पेपरातले कुनी तरी."

"महिनाभर मी उदबत्ती ओवाळायलेय," हेडबाई म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या. हसायचं की चिडायचं हे त्यांचं बराच वेळ ठरेना. मग म्हणाल्या, "मी हातात खडू धरून संसार केले. हिला ब्रश सोड कोन्या तोंडानं म्हनू?"

विलासनं एव्हाना आईच्या हातातली निळी मोटार घेतली होती आणि तो तिच्या आत डोकावत होता. आतून पांढरी, बाहेरून कमळं. "हे उलटं लिवायचं," तो माझ्याकडं बघून पहिल्यांदाच सरळ बोलला, "मला शिकवतीस काय?" मी हो म्हटलं. अंगठी त्यानंतर आली, थोडी घट्ट होती.

माणसं हुग्गीकडं वळली तशी मी निळी मोटार घेऊन अप्पांजवळ जाऊन बसले. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात पुढं केला. "कुठं लिवलीस?" मी त्यांचं बोट धरून मागच्या काचेवर टेकवलं. गुळगुळीत होतं, हाताला काही लागण्यासारखं नव्हतंच. त्यांनी तरी बोट हळूहळू फिरवलं.

"केवढं हाय?"

"ज्वारीच्या दान्याएवढं."

अप्पांच्या कपाळाला आठी पडली. "एवढं बारीक? माझ्या दुकानातनं असलं काम जात न्हाई," ते म्हणाले. "मला दिसलं असतं तर तवाच पुसाया लावलो असतो, आन मोठं लिव म्हनलो असतो."